टँकरच्या नोंदीचं छोटं अ‍ॅप, नोकरी आणि घर: आठवड्याचे ५ तास कसे बसवायचे?

प्रश्न: वाकड_बॅकएंड

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे उत्तरंही नेमकी येतील.

राहायला वाकड, ऑफिस हिंजवडी फेज ३. मंगळवार, बुधवार, गुरुवार ऑफिसला जावं लागतं, बाकी दोन दिवस घरून. काम जावा (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर. निम्मी टीम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, त्यामुळे सोम, मंगळ, गुरू रात्री साडेआठला कॉल. दर सहाव्या आठवड्याला ऑन-कॉल, म्हणजे सिस्टम बिघडली की रात्रीही उठायचं. बायको टेस्ट ऑटोमेशनमध्ये आहे. तिला सोमवारी आणि शुक्रवारी खराडीला जावं लागतं, घरी पोचायला आठ-साडेआठ होतात. मुलगी चार वर्षांची, ज्युनिअर केजीत, शाळेची व्हॅन ८:१० ला. आई आमच्याकडे असते, पण गुडघ्यांमुळे तिच्यावर फार काही टाकता येत नाही.

आता प्रोजेक्ट. सोसायटी २०० फ्लॅटची. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी, त्यामुळे टँकर नेहमीचेच. नोंद गेटवरच्या वहीत होते. महिन्याच्या शेवटी वहीतल्या खेपा आणि बिलातल्या खेपा जुळत नाहीत. यासाठी एक छोटं अ‍ॅप करायचं मनात आहे: वॉचमनने फोटो काढून खेप नोंदवायची, महिनाअखेरचा ताळा आपोआप निघायचा. जमलं तर शेजारच्या सोसायट्यांनाही देता येईल.

आठवड्याला ५ तास मिळतील असा अंदाज आहे. ते कुठे बसवायचे? काय बांधायचं आणि काय सोडून द्यायचं? नोकरीच्या करारात याची अडचण येते का?

उत्तर १: कॅलेंडर_आधी

कोणतं तंत्रज्ञान वापरायचं ते राहू द्या बाजूला, आधी तास मोजू.

सोम, मंगळ, गुरू तुमचे कॉल. शुक्रवारी बायको उशिरा येते, म्हणजे मुलीचं जेवण आणि झोपवणं तुमच्याकडे. कामाच्या दिवसांत उरला फक्त बुधवार. रात्री ९:४५ ते ११:१५ धरा, दीड तास. शनिवारी सकाळी ६ ते ८:३०, अडीच तास. झाले ४. पाचवा तास रविवारी दुपारी ‘बघू’ म्हणून ठेवलात तर तो मिळणार नाही आणि नसलेल्या तासाच्या भरवशावर तुम्ही कुणाला तरी तारीख देऊन बसाल. चारच धरा.

आता वर्ष. ५२ आठवड्यांतून ऑन-कॉलचे ९ काढा. त्या आठवड्यात प्रोजेक्टला हात लावायचा नाही, कारण रात्री दोनला उठून लॉग वाचलेला माणूस शनिवारी सहाला उठत नाही, आणि उठलाच तर चुकीचा कोड लिहितो. गणपतीचे २, दिवाळीचे २, मे महिन्यात गावाला जायचे ३. मुलीचा ताप, रिलीजची धावपळ, पाहुणे यांचे मिळून ६. उरले ३० आठवडे, म्हणजे १२० तास. त्यातला एक तृतीयांश वेळ लायब्ररी अद्ययावत करणं, वॉचमनला शिकवणं, बारीकसारीक दुरुस्त्या यात जातो. बांधायला ८० तास. ८० तासांत एक टेबल, नोंद घ्यायचा एक मार्ग आणि महिन्याचा एक अहवाल नीट होतो. लॉगिनचे चार प्रकार, डॅशबोर्ड, ऑनलाइन पेमेंट, ‘शेजारच्या सोसायट्यांनाही’ हे त्यात बसत नाही. ते सगळं एका फाइलमध्ये लिहून ठेवा आणि या वर्षी ती फाइल उघडू नका.

एक गोष्ट बहुतेकांच्या हिशोबातून सुटते: अमेरिकेतलं घड्याळ. आपली वेळ वर्षभर तीच असते, त्यांची बदलते. आज साडेआठला असलेला कॉल त्यांच्याकडे सकाळी ११ चा आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं, की तोच कॉल आपल्याकडे साडेनऊला येतो, तो थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. हे चार महिने कॉल नेमका मुलीच्या झोपायच्या वेळेवर आदळतो. तुमच्या बुधवारला धक्का लागत नाही, पण बाकी तीन रात्री घरातली सगळी रचना बदलते आणि त्याचा थकवा बुधवारी दिसतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच टीमला विचारून ठेवा: थंडीपुरता कॉल तुमच्याकडे सकाळी १० ला घेता येईल का? आधी विचारलं तर सहसा कुणाची हरकत नसते. नोव्हेंबर उजाडल्यावर विचारलं तर त्यांच्याकडची १० ची वेळ भरलेली असते.

आता त्या दीड तासाचा आतला हिशोब. बुधवार ते शनिवार मध्ये दोन दिवस, शनिवार ते बुधवार तीन. एवढ्या खंडानंतर ‘आपण कुठे होतो’ हे आठवण्यातच वीस मिनिटं जातात. ती वाचवायची असतील तर काम थांबवण्याची रीत ठरवून टाका. ११:०० चा गजर लावा. गजर वाजला की नवं काही सुरू करायचं नाही. पुढच्या पायरीची टेस्ट (कोड तपासणारा छोटा प्रोग्रॅम) लिहायची, ती लाल, म्हणजे नापास, राहू द्यायची, गिटमध्ये शाखेवर कमिट (नोंद) करून पुश करायचं, म्हणजे रिमोटवर (दूरच्या सर्व्हरवर) पाठवायचं. गिटच्या तात्पुरत्या कप्प्यात, स्टॅशमध्ये, ठेवू नका. स्टॅश रिमोटवर जात नाही आणि दोन आठवड्यांनी त्यात काय होतं तेही लक्षात राहत नाही. मग चिठ्ठी, तीन ओळींची, अशी:

‘लिटर रिकामे आले तर पुन्हा विचारायचं. टेस्ट लिहिली आहे, लाल आहे. नोंद-सेवेच्या फाइलमध्ये तपासणीच्या फंक्शनपाशी बघ. वाहनांच्या यादीला हात लावू नकोस, ती बरोबर आहे.’

शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी पडतं. काय तपासून झालंय हे लिहिलं नसेल तर माणूस तेच पुन्हा तपासत बसतो.

प्रोजेक्ट एकाच कमांडने सुरू झाला पाहिजे, डेटाबेस आणि नमुन्याच्या २०-२५ नोंदींसकट. पहिल्या शनिवारचे अडीच तास नुसते यावर गेले तरी जाऊ द्या. एआय सहाय्यक वापरणार असाल तर बुधवारी त्याला लहान काम द्या: एक टेस्ट, एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न). त्याने रात्री दहाला बारा फाइली बदलून दिल्या तर त्या वाचण्यातच तुमची वेळ संपते, आणि न वाचता कमिट केल्या तर शनिवार जातो.

कंपनीच्या बसमध्ये कोड लिहायच्या भानगडीत पडू नका. वाकड ते फेज ३ अंतर कमी आणि हिसके जास्त. तिथे फक्त चिठ्ठी वाचायची.

उत्तर २: पाण्याचा_ताळा

सोसायटीच्या बाजूने सांगतो. अ‍ॅप करू नका, टेलिग्राम बॉट करा, म्हणजे चॅटमध्ये आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम. गेटवरचे वॉचमन एजन्सीकडून येतात, दर दोन-तीन महिन्यांनी चेहरे बदलतात. प्रत्येकाला अ‍ॅप घ्यायला लावणं आणि पासवर्ड देणं हे काम कधीच संपत नाही. सोसायटीचा एकच फोन गेटवर ठेवायचा आणि त्यात एकच ग्रुप.

गूगल फॉर्मचा विचार आला असेल तर तोही वाईट नाही, पहिला महिना त्यावरच काढा. फक्त एवढं लक्षात असू द्या, की फॉर्ममध्ये फोटो जोडायचा असेल तर भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन असावं लागतं. फोनमधलं खातं कुणी काढलं की फॉर्म अडतो आणि तो नेमका पहाटे चारला अडतो. फोटोही फॉर्मच्या मालकाच्या ड्राइव्हवर साठतात आणि तिथली फुकट जागा १५ जीबीच. त्यात तुमचे ईमेलही आले.

आता प्रमाण. माणशी दिवसाला १३५ लिटर हा नियोजनाचा नेहमीचा आकडा. घरटी चार माणसं, २०० घरं, म्हणजे १,०८,००० लिटर. महापालिकेचं पाणी अजिबात आलं नाही त्या दिवशी १०,००० लिटरचे ११ टँकर. दिवसाला जास्तीत जास्त ११-१२ नोंदी. एवढ्यासाठी एसक्यूलाइट (वेगळा सर्व्हर न लागणारा छोटा डेटाबेस) भरपूर झालं, पोस्टग्रेसचा सर्व्हर सांभाळायची गरज नाही. फोनचा मूळ फोटो ३ एमबीचा असतो. असे १२ म्हणजे दिवसाला ३६ एमबी, महिन्याला जीबीच्या वर. टेलिग्रामवर ‘फोटो’ म्हणून पाठवला तर तो आकुंचन पावून साधारण २०० केबीच्या आत येतो. मग वर्षाचेही जीबीच्या आत मावतात. ‘फाइल’ म्हणून पाठवला तर मूळ आकारातच येतो, हे वॉचमनला दाखवून द्या.

खरी गोम खेपा मोजण्यात नाही, लिटरमध्ये आहे. बिलावर १०,००० लिहिलेलं असतं, टाकीत किती पडलं ते कुणी पाहत नाही. जमिनीखालच्या टाकीत खुणा केलेली पट्टी सोडा. समजा टाकी आतून ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद. क्षेत्रफळ २४ चौरस मीटर. १०,००० लिटर म्हणजे १० घनमीटर, त्याला २४ ने भागलं की पाणी जवळपास ४२ सेंटीमीटर चढायला हवं. ३६ च चढलं तर ८,६४० लिटर आले. वॉचमनने दोनच आकडे टाकायचे: आधी किती, नंतर किती. भागाकार बॉट करेल.

यात चूक कुठे होते? टँकर रिकामा होत असताना वर पाणी चढवणारी मोटर चालू राहते तेव्हा. ती तासाला १५,००० लिटर उचलत असेल तर २० मिनिटांत ५,००० लिटर वर गेले, म्हणजे पट्टी २१ सेंटीमीटर कमी दाखवणार आणि तुम्ही टँकरवाल्याशी उगाच भांडणार. ‘मोटर बंद आहे का’ हा बॉटचा पहिला प्रश्न ठेवा, हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. त्याच वेळी नळाचं पाणी टाकीत पडत असेल तर उलटी चूक होते, आकडा जास्त येतो. पाण्याच्या दिवशी त्या तासांतल्या नोंदींना वेगळी खूण करा.

एक रकाना माझ्या आग्रहाखातर वाढवा: क्लोरिन. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा टँकरच्या पाण्याचा प्रश्न सगळ्यांसमोर आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिल्लक मुक्त क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितलेलं आहे. थेंब टाकून रंग बघायचा साधा संच मिळतो. प्रत्येक खेपेला जमत नसेल तर रोज पहिल्या टँकरला तरी बघा. वरच्या उत्तरात म्हटलंय तसं बाकी सगळं त्या न उघडायच्या फाइलमध्ये जाऊ दे, हा रकाना मात्र जाऊ नये.

उत्तर ३: रात्रीचा_क्रॉन

टेलिग्रामचा मार्ग बरोबर आहे. त्यात अडखळायच्या जागा सांगून ठेवतो, तेवढाच तुमचा एखादा शनिवार वाचेल.

ग्रुपमधला बॉट मुळात ‘प्रायव्हसी मोड’मध्ये असतो, त्याला कमांड आणि त्याला दिलेली उत्तरंच दिसतात, नुसते फोटो दिसत नाहीत. बॉटफादरकडे (बॉट तयार करायचा टेलिग्रामचा स्वतःचा बॉट) जाऊन तो मोड बंद करा आणि मग बॉटला ग्रुपमधून काढून पुन्हा घाला. पुन्हा घातल्याशिवाय बदल लागू होत नाही.

घरच्या लॅपटॉपवर चाचणी आणि सर्व्हरवर चालू बॉट, दोन्हींना एकच टोकन (बॉटची गुप्त किल्ली) दिलंत तर लाँग पोलिंगमध्ये (बॉट स्वतःच टेलिग्रामला ‘नवीन काही आलं का’ विचारत राहतो ती पद्धत) दोघं एकमेकांचे निरोप पळवतात आणि ४०९ ची चूक येत राहते. पहिल्या दिवसापासून दोन वेगळे बॉट करा. फोटोचा फाइल-आयडी त्या त्या बॉटपुरताच चालतो, चाचणीच्या बॉटचे आयडी चालू डेटाबेसमध्ये टाकले तर फोटो उघडणार नाहीत.

वाहन निवडायला बटणं द्या, नेहमीचे आठ-दहाच टँकर असतात. नंबरप्लेट वाचणारं काही बसवायच्या मागे लागू नका, पहाटेच्या अंधारात चिखलाने भरलेल्या एमएच १४ च्या पाटीपुढे ते तग धरत नाही. पण बटणामागच्या डेटाला ६४ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी यांचेही वेगळे ३. म्हणजे एकवीस चिन्हांत खेळ संपला. बटणावर मराठी लिहा, मागे नुसता क्रमांक ठेवा.

भाड्याचा छोटा सर्व्हर महिन्याला ५-६ डॉलरला पडतो. तो घ्यायचा नसेल तर घरच्या जुन्या लॅपटॉपवरही चालेल. लाँग पोलिंगला बाहेरून आत येणारा रस्ता लागत नाही, म्हणजे डोमेन नको, सर्टिफिकेट नको, राउटरमध्ये पोर्ट उघडणं नको. गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी लाइट गेली तरी नोंदी हरवत नाहीत, कारण बॉटने न उचललेले निरोप टेलिग्राम २४ तास धरून ठेवतं. अडचण वेगळीच होते. बॉटचं ‘नोंद झाली’ आलं नाही की वॉचमन तोच फोटो पुन्हा पाठवतो, मग पुन्हा, आणि दुपारी लाइट आल्यावर एका टँकरच्या तीन खेपा दिसतात. टँकर रिकामा करून, भरून परत यायला अर्ध्या तासाहून जास्तच लागतो. तेव्हा त्याच वाहनाची ३० मिनिटांतली दुसरी नोंद आपोआप घेऊ नका, ‘नवीन खेप की तीच?’ असं विचारा. यासाठी निरोपाची स्वतःची वेळ वापरा, तुमच्या प्रोग्रॅमने तो उचलला ती वेळ नको.

राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घेणार असाल तर आधी अडॅप्टरवरचा आकडा वाचा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही वेगळे असतील तर दोघांच्या अँपिअरची बेरीज यूपीएसच्या आकड्याच्या आत हवी. खोक्यावर लिहिलेले तास एका उपकरणाचे धरा, दोन जोडली की निम्मे.

आणि गेटवरची वही बंद करू नका. वही आहे तोवर बॉट रविवारी सकाळी पडला तरी बुधवारी रात्रीपर्यंत कुणाचं काही अडत नाही. वही काढून टाकलीत की तुम्ही स्वतःवर दुसरा ऑन-कॉल लादून घेतला, आणि त्याचा भत्ता कुणी देत नाही.

उत्तर ४: खराडी_फ्रंटएंड

पहिल्या उत्तरात शनिवार सकाळ फार सहज मोकळी धरली आहे. शनिवारी ६ ते ८:३० या वेळात मुलगी उठते, दूध होतं, आईंचा चहा आणि गोळ्या होतात, बाई येणार नसतील तर भांडीही असतात. तुम्ही दार लावून बसलात म्हणजे हे सगळं तुमच्या बायकोने केलं. तिच्याशी बोलून ठरवलं असेल तर उत्तम. मग तिचेही चार तास कॅलेंडरवर त्याच रंगात, त्याच जाडीने लिहा: शुक्रवार रात्र ९:४५ ते ११:१५ आणि रविवार सकाळ ६ ते ८:३०. शुक्रवारी ती खराडीहून दमून येते, त्या रात्री झोप काढायची की काही वाचायचं ते तिचं ती ठरवेल. वेळ मात्र तिची. तिच्या वेळात तुम्ही ‘गोळ्यांचा डबा कुठे आहे?’ म्हणून दारावर टकटक केली तर ती वेळ तिला मिळालीच नाही.

दुसरं, ‘मदत’ हा शब्द सोडा आणि एखादं काम मुळापासून घ्या. मुलीचा डबा घ्या उदाहरणाला. तो सकाळी ७:४० ला भरायचा असतो हे खरं, पण त्याची सुरुवात आदल्या दिवशी होते. बुधवारी मोड आलेली मटकी द्यायची असेल तर मंगळवारी सकाळी व्हॅन गेली की ती भिजत घालायची. आठेक तासांनी, संध्याकाळी उपसून, फडक्यात घट्ट बांधून, भांड्यात झाकून ठेवायची. बुधवारी सकाळी मोड तयार. हे उन्हाळ्यात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या थंडीत मोडांना १८-२० तास लागतात, म्हणजे एक दिवस आधीपासून तयारी. मंगळवारी तुम्ही ऑफिसला जाता, रात्री कॉल असतो. हे डोक्यात नसेल तर रात्री अकराला ‘उद्या डब्याला काय?’ हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर दुसऱ्याला शोधावं लागतं. पोहे संपत आलेत, डब्याच्या झाकणाची रबरी कड सैल झाली आहे, शाळेने शुक्रवारी सुका खाऊ सांगितलाय, हे सगळं लक्षात ठेवणंही त्याच कामात येतं. डबा तुमचा असेल तर शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधली डब्याची सूचनाही तुम्हीच वाचायची.

तुमचं वेळापत्रक पाहता सुचवते: सोमवार आणि शुक्रवारचा डबा पूर्ण तुमचा, त्या दिवशी ती लवकर निघते आणि तुम्ही घरी असता. बुधवारची रात्र तुमच्या प्रोजेक्टची, तेव्हा गुरुवारच्या डब्याची तयारी ९:४५ च्या आत झालेली हवी. ती झाली नसेल तर लॅपटॉप उघडू नका.

रविवारी नाश्त्यानंतर १५ मिनिटं दोघांनी आठवडा बघा. कॉल कुठे सरकलाय, ऑन-कॉल कुणाचा, लसीची किंवा डॉक्टरांची तारीख आहे का, आईंना फिजिओथेरपीला कोण नेणार. तेवढंच. प्रोजेक्टची प्रगती त्यात आणू नका.

उत्तर ५: करार_वाचा

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ (सी) प्रमाणे नोकरीच्या कामाच्या ओघात तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. टँकरची नोंद तुमच्या कामाच्या ओघात येत नाही, पण नियुक्तीपत्र त्याहून पुढे गेलेलं असू शकतं. ‘नोकरीच्या काळात तयार केलेलं सर्व काही’ अशा अर्थाचं वाक्य शोधा. ते आणि ‘इतर कुठलाही व्यवसाय करणार नाही’ हे, अशी दोन्ही कलमं वाचा.

पहिली ओळ लिहायच्या आधी एचआरला ईमेल करा: काय करणार, कुणासाठी, पैसे घेणार की नाही, कंपनीच्या धंद्याशी संबंध नाही, कंपनीची साधनं वापरणार नाही. अर्ध्या पानात बसतं. तोंडी ‘हो’ चालत नाही, वर्षभराने व्यवस्थापक बदललेला असतो. परवानगीचं उत्तर घरच्या ईमेलवर जपून ठेवा.

साधनं म्हणजे फक्त लॅपटॉप नाही. ऑफिसने दिलेलं एआय सहाय्यकाचं खातं, ऑफिसचं गिट खातं, ऑफिसचं व्हीपीएन, आणि घरून काम करतानाची दुपारची वेळ, सगळंच त्यात आलं. घरच्या लॅपटॉपवर गिटचा ईमेल तपासा. ऑफिसचा पत्ता राहून गेला तर तो प्रत्येक कमिटवर कायमचा छापला जातो.

समितीत असाल तर सोसायटीकडून यासाठी पैसे घेऊ नका. पुढे इतर सोसायट्यांकडून घेतलेत तर ते व्यवसायाचं उत्पन्न, मग विवरणपत्राचा आयटीआर-१ हा नमुना चालत नाही. त्या वर्षी सीएला आधीच विचारा, जुलैत नको.

वाकड_बॅकएंड

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारची १५ मिनिटं आजच घेतली. बुधवार-शनिवार माझे, शुक्रवार-रविवार तिचे, दोन्ही कॅलेंडरवर चढले. सोम-शुक्रचा डबा माझ्याकडे. एचआरला ईमेल गेलाय, उत्तर येईपर्यंत फक्त गूगल फॉर्म.

फॉर्मच्या चाचणी नोंदी उतरवून एका छोट्या स्क्रिप्टने तारखेप्रमाणे बेरीज केली, तर पहाटे ४ चा टँकर आदल्या दिवसात मोजला जातोय. ७ चा बरोबर येतो. कशामुळे?

उत्तर ६: रात्रीचा_क्रॉन

स्क्रिप्ट वेळेचं रूपांतर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) करते आणि त्यातूनच तारीख काढते, म्हणून. आपण साडेपाच तास पुढे आहोत. पहाटेचे ४ म्हणजे यूटीसीत आदल्या रात्रीचे १०:३०. सकाळी ५:३० च्या आधीची प्रत्येक खेप एक दिवस मागे जाणार, आणि एक तारखेच्या पहाटेच्या खेपा मागच्या महिन्याच्या बिलात. बिल न जुळण्याचं नवं कारण तुम्हीच तयार कराल.

साठवताना यूटीसीच ठेवा, पण तारीख काढायच्या आधी ‘आशिया/कोलकाता’ पट्ट्यात आणा. हीच गोष्ट क्रॉनला (ठरलेल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय) लागू आहे. सर्व्हर यूटीसीवर असेल तर आपल्या मध्यरात्रीचा अहवाल १८:३० ला लावायचा. बरोबर मध्यरात्री लावू नका, १२:२० ला लावा, म्हणजे १८:५०. अकरा पन्नासला आलेल्या टँकरची ‘नंतर’ची पट्टी बारानंतरच येते. टेस्ट दोन लिहा: ५:२९ ची खेप आणि ३१ तारखेला रात्री ११:५० ला सुरू होऊन १ तारखेला संपलेली खेप. ती कोणत्या महिन्यात धरायची हे कोडमध्ये ठरवू नका, समितीला विचारा आणि बिलवाल्यालाही तेच सांगा.

बॉटवर गेल्यावर एसक्यूलाइटचा बॅकअप साध्या कॉपीने घेऊ नका. वॉल मोडमध्ये (एसक्यूलाइटची लिहिण्याची एक पद्धत) ताज्या नोंदी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात, मुख्य फाइल तेवढी उचलली तर त्या राहून जातात. त्याची स्वतःची बॅकअप कमांड वापरा किंवा ‘व्हॅक्यूम इंटू’. महिन्यातून एका शनिवारी तो बॅकअप दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडून शेवटची खेप दिसते का ते बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

उत्तर ७: पाण्याचा_ताळा

एक राहिलंच. पट्टी प्लॅस्टिकची घ्या आणि खुणा ५ सेंटीमीटरवर, मोठ्या अक्षरांत कोरलेल्या घ्या. रंगवलेल्या खुणा टाकीत दोन-तीन महिन्यांत पुसट होतात, मग वॉचमन अंदाजे आकडा टाकतो आणि तो नेहमी ४२ च असतो. सलग आठ-दहा खेपा नेमक्या ४२ दिसल्या तर बॉटने तुम्हाला कळवावं, टँकरवाल्याला नाही. खाली जाऊन आधी पट्टी बघा.